एकदाच विचारणारं घर

"ताई, तुझं काय? येणार ना आमच्याबरोबर... की कामाच्या दृष्टीनं तुला इथेच बरं पडेल?"

छोटूनं हे विचारलं तेव्हा तो दारात उभा होता. एक बूट पायात, एक हातात आणि खांद्यावर अवजारांची पिशवी. ताई ओट्यापाशी त्याच्या डब्याचं झाकण लावत होती. ते झाकण मेलं एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं वर यायचं. तिनं दोन्ही अंगठ्यांनी ते बसवलं, डबा पुसला, त्याच्या हातात दिला आणि मग म्हणाली, "मी इथेच बरी. माझं सगळं काम इथे आहे."

"बरं," छोटू म्हणाला. त्यानं दुसरा बूट चढवला आणि तो जिना उतरून गेला.

एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लागला, आणि रेडिओवरच्या बातम्या चालू होत्या त्या तशाच चालू राहिल्या! खाटेवर बसलेल्या वडिलांनी, नानांनी ऐकलं होतं, पडद्याआड केस विंचरणाऱ्या भावजयीनं ऐकलं होतं, पण कुणी उठून आलं नाही, कुणी "अगं, असं काय करतेस?" म्हटलं नाही. ताईनं ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच ओटा तिनं पुन्हा एकदा पुसला... या क्षणी आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. पण वाटत काहीच नव्हतं. आतून सगळं कसं बधिर झालं होतं.

परक्या माणसाला वाटेल, काय दगडाच्या काळजाची माणसं ही! पण तसं नव्हतं हो. एकमेकांवर जीव टाकणारी माणसं होती ती. हा त्या घरचा कायदा होता, आणि तो केला होता नानांनी.

नानांचं आयुष्य चपला-बुटांच्या एका मोठ्या दुकानात गेलं. मालक नव्हे, विक्रेते. सकाळी दुकान उघडल्यापासून दिवे मालवेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाशी उकिडवं बसायचं, त्याच्या टाचेखाली हात धरायचा आणि म्हणायचं, घेऊ नका साहेब, नुसता पायात घालून बघा. नको म्हणणाऱ्याला दुसरा जोड, दुसऱ्यालाही नको म्हणणाऱ्याला तिसरा. असं करत करत, पावसापासून डोकं वाचवायला आत शिरलेल्या माणसालाही ते नवे बूट घालून बाहेर काढत. आणि संध्याकाळी घरी येत ते घसा बसलेला, गुडघे धरलेले आणि तोंड कडू झालेलं असं. "दिवसभर लोकांच्या गळ्यात माल मारतो," ते बायकोला म्हणत, "निदान माझ्या घरात तरी कुणाच्या गळ्यात काही मारायचं नाही." तेव्हापासून त्या घरातून आग्रह जो हद्दपार झाला तो झालाच. विचारायचं ते एकदा. विचारायचं तेही असं, की समोरच्याला नाही म्हणणं सोपं जावं. आणि तो नाही म्हणाला की "बरं" म्हणून गप्प बसायचं.

या कायद्यापायी पाहुणे त्या घरातून अर्धपोटी उठत. भावजय लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच रात्री ताईनं तिला "आणखी वाढू?" असं विचारलं, तिनं नव्या नवरीच्या रीतीनं "नको, पुरे" म्हटलं, आणि ताईनं पातेलं उचलून आत नेलं! पोरगी उपाशी झोपली. आठवडाभरात मात्र ती शहाणी झाली आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत "हो, वाढा" म्हणायला शिकली.

ताईला मात्र ते कधी शिकता आलं नाही. आई गेली तेव्हा ती कॉलेजात जात होती आणि छोटू अजून बोट धरून चालत होता. नानांनी तिला समोर बसवून विचारलं, "कॉलेज सोडावं लागेल. तुला चालेल ना?" ती म्हणाली, "चालेल." नाना म्हणाले, "बरं." पुढे एक स्थळ आलं. चांगलं होतं, माणसं स्वतःहून आली होती. नानांनी विचारलं, "बघायचं का, की इतक्यात नको?" छोटूला त्या दिवशी ताप होता. ती म्हणाली, "इतक्यात नको." नाना म्हणाले, "बरं." माणसं आली तशी गेली... आणि ते "इतक्यात" पुढे आयुष्यभर पुरलं. छोटू शिकला, लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला, त्याचं लग्न झालं. त्या लग्नात ताईच पुढे होती, ताईच मागे होती, आणि फोटोत मात्र कुठेच नव्हती.

घर म्हणाल तर चौथ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीच्या एका कोपऱ्यात नानांची खाट, दुसऱ्या कोपऱ्यात पडदा, आणि त्या पडद्याआड छोटूचा संसार. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती तरी नवरा-बायकोला लावायला एक दार मिळालं नव्हतं. भांडायचं झालं तरी ती दोघं जिन्यात जाऊन भांडत. ताई स्वयंपाकघरात झोपायची. ओट्याखाली पाय सरकवले की ती बरोबर मावत असे. जगभरच्या लिफ्ट चालू करणाऱ्या छोटूच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे नानांचे गुडघे गेल्यापासून ते खाली उतरलेच नव्हते. आणि एवढ्याशा जागेचं भाडं दर वर्षी वाढतच होतं.

म्हणून मग त्या दुसऱ्या शहराचा विषय निघाला. ते शहर ना धड मोठं ना धड लहान. तिथे नव्या इमारती उठत होत्या, लिफ्टचा जाणता माणूस त्यांना हवा होता, आणि इथल्या भाड्याच्या निम्म्यात तिथे तळमजल्यावर ऐसपैस घर मिळत होतं. एका सुट्टीच्या दिवशी नानांच्या सोबतीला शेजाऱ्याला बसवून तिघं ते बघायला गेली होती. रस्त्यावर माणसं सावकाश चालत होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पत्ता सांगायला दुकान सोडून चार पावलं सोबत केली, याचंच छोटूला केवढं अप्रूप वाटलं. घरात शिरल्यावर तर त्याचं लहान मूल झालं. प्रत्येक नळ सोडून बघितला, प्रत्येक दिवा लावून बघितला. "ही बाहेरची बसायची," तो म्हणाला. "ही मागची आमची. आणि ही बाजूची नानांची." भावजय ओट्यावर हात फिरवत होती.

ताई त्यांच्या मागून फिरत होती. आमची, नानांची... ती पुढच्या नावाची वाट बघत होती. पण पुढे नाव नव्हतंच! छोटू घरमालकाशी पाण्याबद्दल बोलायला लागला होता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीला डोकं टेकलं आणि स्वतःला समजावलं, की त्यांचं बरोबर आहे. त्यांना कधी नव्हे ते दार मिळतंय, नानांना अंगण मिळतंय. आपण मधे कशाला? आणि म्हणूनच छोटूनं दारात उभं राहून ते विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं. तो विचारतानाच तिच्यासाठी वाट मोकळी ठेवत होता, "इथेच बरं पडेल का" म्हणत होता... तिला ती वाट दिसली आणि ती निमूटपणे त्या वाटेनं निघून गेली.

ताई दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यांवरून प्लास्टरचे जबडे बनायचे, आणि त्या जबड्यांवर मेणात एकेक दात बसवून ताई कवळ्या तयार करायची. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. काम असं की दात फार सरळ लावले तर खोटे दिसतात. पुढचा एखादा किंचित वळवावा लागतो. तो किती वळवायचा हे तिच्या बोटांना कळायचं. आता त्या दिवसांत तिची बोटं काम करत राहिली, पण ती स्वतः कुठे होती कुणास ठाऊक! एकदा तिनं एका कवळीत उजवीकडचा सुळा डावीकडे बसवला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे प्लास्टरवाले काका ते बघून म्हणाले, "बाई, हा म्हातारा एका बाजूनं हसेल आणि दुसऱ्या बाजूनं चावेल."

तिनं हसायचा प्रयत्न केला आणि मग का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. काकांनी हातातली वाटी खाली ठेवली. "म्हणजे त्यांनी एकदाच विचारलं? अहो, मला बायको चहासाठी तीनदा विचारते तेव्हा मी हो म्हणतो. आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही तर दिवसभर घुश्शात असतो." ताई म्हणाली, आमच्यात तशी पद्धत नाही. काकांनी वाटी पुन्हा उचलली, म्हणाले, "तुमच्यात चहा कसा होतो हो?" आणि पुन्हा प्लास्टर कालवायला लागले.

लॅबच्या मागच्या गल्लीत नोकरी करणाऱ्या बायकांसाठी एक वसतिगृह होतं. तिथे तिनं एक खाट बघून ठेवली. खोलीत आणखी दोघी होत्या. दोघीही तिच्या निम्म्या वयाच्या, दोघीही कानात काहीतरी घालून ऐकत पडलेल्या. व्यवस्थापक बाईनं विचारलं, घरी कुणी नाही का? ताई म्हणाली, "आहेत की. पण ते बदली होऊन चाललेत." तिला स्वतःचंच उत्तर लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं.

घरी खोकी भरली जात होती. भावजय काही बोलत नव्हती, छोटू तर ताईकडे बघतही नव्हता. पूर्वी जेवताना लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या नकला करून सगळ्यांना हसवणारा छोटू आता ताटावरची मान वर करत नव्हता. ताईला वाटलं, यांची मनं केव्हाच त्या नव्या घरी पोचली. एकदा ती स्वयंपाकघरात वळली तेव्हा भावजय तिची अंथरुणाची वळकटी हातात धरून नुसती उभी होती. ताईला बघताच तिनं ती खाली ठेवली आणि जिन्यात निघून गेली. आपलं अंथरूण चुकून त्यांच्या खोक्यात जाऊ नये म्हणून बघत असेल, असं ताईनं धरलं. माणूस एकदा आपल्याविरुद्ध हिशेब मांडायला बसला की त्याची प्रत्येक बेरीज जुळते!

जायचा दिवस जवळ आला तेव्हा ताईला आठवलं, की नानांची कवळी सैल झाली आहे. हिरड्या आटल्या होत्या; बोलताना वरची पंगत खाली यायची आणि नाना ती जिभेनं वर ढकलून वाक्य पुरं करायचे. नव्या गावात त्यांचं कोण बघणार? जाण्याआधी नवी करून द्यायची, एवढंच एक काम तिला आता आपलं वाटत होतं. ठसा घेणं खरं तर डॉक्टरचं काम. पण नाना चार जिने उतरणार नव्हते, आणि इतक्या वर्षांत तिनं ते काम हजारदा पाहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी, छोटू आणि भावजय खोक्यांना बांधायला दोर आणायला गेली असताना, तिनं नानांना खिडकीशी स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला, जुनी कवळी काढून पाण्यात ठेवली आणि ठशाची पावडर कालवली.

"नाकानं श्वास घ्या. हलायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही," तिनं बजावलं, आणि भरलेला ट्रे त्यांच्या वरच्या हिरडीवर दाबून धरला. दुसऱ्या हातानं तिनं त्यांचं डोकं आपल्या कुशीला टेकवून घेतलं. नानांचं डोकं इतक्या जवळ कधी धरलं होतं ते तिला आठवेना. केस किती विरळ झाले होते, कानामागची कातडी किती पातळ...! ती खिडकीबाहेर बघत मिश्रण घट्ट व्हायची वाट पाहत राहिली.

नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ठसा घेताना येतं तसं काहींना, उमासा येतो. ती म्हणाली, "झालंच आता." पण मग तिच्या बोटांना जबडा थरथरताना जाणवला. नाना काहीतरी बोलू बघत होते. "नाना, हलू नका, बिघडेल," ती म्हणाली, तरी ते थांबेनात. अखेर तिनं ट्रे काढून घेतला. ठशात हिरडीच्या एका रेघेच्या दोन रेघा झाल्या होत्या.

"बिघडला. पुन्हा घ्यावा लागेल," ती निर्विकारपणे म्हणाली आणि एका भरलेल्या खोक्यावर बसून ट्रे खरवडायला लागली.

दात नसताना नाना कुणासमोर तोंड उघडत नसत. दूधवाल्याशीसुद्धा आधी कवळी, मग शब्द. पण त्या दुपारी ते तसेच बोलले, मऊ, ओघळत्या शब्दांत.

"येतेस का आमच्याबरोबर?"

"नाना, छोटूनं विचारलं होतं. मी सांगितलंय."

"छोटूनं विचारलं. मी परत विचारतोय."

या घरात हे असं कधी घडलं नव्हतं. ताईचा हात थांबला. पण जिभेला वळण पडलेलं होतं ते पडलेलंच, ती म्हणाली, "नको नाना. मी इथेच बरी."

नाना "बरं" म्हणाले नाहीत. त्यांनी स्टुलाची कड धरली, एक गुडघा टेकला, मग कण्हत दुसरा, आणि ते जमिनीवर तिच्या पायाशी बसले. तिला काही कळायच्या आत त्यांनी तिच्या टाचेखाली हात धरला... ती तळहाताची खोलगट पकड, जिनं हजारो परक्या पायांना आधार दिला होता! "घेऊ नका, बाई," ते म्हणाले, आणि तो आवाज तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, दुकानातला, गोड, चिकट, लाचार आवाज. "नुसतं पायात घालून बघा. दोन पावलं चालून बघा. कुठे चावलं तर परत आणून द्या. दुकान काही पळून जात नाही..."

"नाना! उठा आधी. माझे पाय कसले धरताय!" तिनं पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण त्या म्हाताऱ्या हाताची पकड सुटेना.

दवाखान्यात हिरडी बधिर करतात, तो अंमल उतरताना आधी मुंग्या येतात आणि मग दुखायला लागतं. ताईला आत कुठेतरी तसं झालं. आणि पहिल्यांदा जे वर आलं ते रडू नव्हतं, राग होता. तीस वर्षं तळाशी बसलेला राग!

"आत्ता विचारताय?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कॉलेज सोडायला लावलंत तेव्हा का नाही दुसऱ्यांदा विचारलंत? मी 'चालेल' म्हटलं आणि तुम्ही 'बरं' म्हणालात. माझं तोंड दिसलं नव्हतं तुम्हाला?"

नानांनी तिची टाच अलगद जमिनीवर टेकवली.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "म्हणूनच दुसऱ्यांदा विचारलं नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं. नाना जमिनीकडे बघत बोलत राहिले. "पुन्हा विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. छोटू एवढासा होता... मला तू हवी होतीस घरात. ते स्थळ आलं तेव्हाही तेच. कुणाच्या गळ्यात काही मारायचं नाही असं म्हणत म्हणत मी सगळा संसार तुझ्या गळ्यात मारला, बाळ. आणि वर चांगला माणूस म्हणून मिरवलो."

ताईनं ट्रे खाली ठेवला. हे आपल्याला कायम ठाऊक होतं, असं तिला वाटलं. फक्त ते कुणी उच्चारलं नव्हतं.

"आता गरज म्हणून विचारत नाही," नाना म्हणाले. "सूनबाई माझं सगळं करीन म्हणाली आहे. त्या दोघांना वाटतंय, तुला आमच्यातून सुटायचंय. ताईनं आयुष्यभर केलं, आता तिला मोकळं करायचं, रडून अडवायचं नाही, असं ठरवून बसलेत दोघं. जिन्यात जाऊन रडतात. मला ऐकू येतं... तुला सुटायचं असेल तर खुशाल सूट. पण या खेपेला एकदा विचारून मी मोकळा होणार नाही. येतेस का?"

"छोटूनं खोल्या वाटल्या तेव्हा माझं नावही घेतलं नाही."

"तुझं नाव घ्यायचं असतं, हे त्या गाढवाला कोण शिकवणार? मीच शिकवलं नाही. तू म्हणजे त्याला घराच्या भिंती. भिंती बरोबर येणारच, असं धरून चालला होता. तू नाही म्हणालीस तेव्हापासून जेवलेलं अंगी लागत नाही त्याच्या. येतेस का?"

"गुडघे दुखतील. उठा."

"येतेस का?"

"येते," ताई म्हणाली.

"नक्की?"

"आता किती वेळा विचारणार?"

नानांनी आणखी एकदा विचारलं. मग तिनं त्यांना दोन्ही काखांत हात घालून उठवलं, स्टुलावर बसवलं, पावडर पुन्हा कालवली आणि ठसा घेतला. या वेळी नाना जराही हलले नाहीत. तिचे डोळे मात्र कोरडेच होते. अजून पुरतं आत पोचलं नव्हतं काही.

संध्याकाळी छोटू आणि भावजय दोराचं भेंडोळं घेऊन आली तेव्हा ताईनं भाजी चिरता चिरता, पाठमोरीच, सांगून टाकलं की ती येणार आहे. छोटू खोक्यावर बसला. पस्तिशी ओलांडलेला, डोक्यावरचे निम्मे केस गेलेला तो माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके द्यायला लागला, शाळेच्या पहिल्या दिवशी ताईनं हात सोडला तेव्हा दिले होते तसे. भावजय मात्र रडली नाही. ती कमरेवर हात ठेवून ताईसमोर उभी राहिली. "मला वाटलं, तुम्हाला आमचा वीट आला," ती म्हणाली. "माझ्या माहेरी असं झालं असतं ना ताई, तर मी तुमच्या दारात धरणं धरून बसले असते. तुमचं अंथरूण चार वेळा आमच्या सामानात घातलं आणि चार वेळा काढलं. पण या घरात कुणाला विचारायची सोय आहे का!"

जेवायला बसल्यावर छोटूनं नाक पुसलं आणि नव्या घराचं बोलायला सुरुवात केली. "तर मग नानांच्या खोलीत तुझीही खाट..." एवढं बोलून तो थांबला. नाना त्याच्याकडे बघत होते. त्यानं पहिल्यापासून विचारलं, "ताई, तुला कुठली खोली हवी?"

"मला काय, कुठेही चा..."

पुढचं अक्षर तिच्या तोंडातच राहिलं, कारण कुणीच "बरं" म्हणत नव्हतं. तिघंही हातातला घास तसाच धरून वाट बघत होती. ताईनं हातातला घास ताटात ठेवला. आपल्याला काय हवं, हे शोधायला माणसानं कुठे बघायचं असतं? ती त्या रिकाम्या घरातून मनानं एक फेरी मारून आली. मागच्या खोलीत सकाळचं ऊन थेट भिंतीपर्यंत येत होतं, आणि ती तिथे सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली होती.

"मागची," ती म्हणाली.

भावजयीचा चेहरा पडला. ती आग्रहाच्या घरची होती, तिला मनातलं लपवता येत नसे. "मागची आमची ठरली होती ना... मी पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलंय."

"अगं, ताई जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागतेय," छोटू दबक्या आवाजात म्हणाला.

"मागू देत की. पण मीसुद्धा दहा वर्षं एक खोली मागतेय."

"मला खोली नको," नाना मधेच म्हणाले. "माझी खाट बाहेर टाका. मला रस्ता आणि माणसं दिसली पाहिजेत. बाजूची मोकळी झाली."

"मग ताई, तुम्ही बाजूची घ्या ना," भावजय म्हणाली. "ती थंड आहे."

"नको," ताई म्हणाली.

"बघा तर. नानांचा आवाज लगेच येईल तिथून."

"नको."

"कपाटही मोठं आहे हो बाजूच्या खोलीत."

एरवीची ताई पहिल्याच वाक्याला उठून ताटं आवरायला लागली असती. तिचे पाय उठायलाही बघत होते. तिनं ते जमिनीवर घट्ट रोवले. "नाही," ती म्हणाली, "मला मागचीच हवी," आणि 'हवी' हा शब्द तोंडातून बाहेर पडता पडता तिचा बांध फुटला. ती रडायला लागली... कॉलेजसाठी, त्या परत गेलेल्या माणसांसाठी, ओट्याखाली सरकवलेल्या पायांसाठी, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. खांदे गदगदत होते, श्वास पुरत नव्हता, आणि सगळं सगळं दुखत होतं. भावजय ताट ओलांडून आली आणि तिनं ताईला घट्ट मिठीत घेतलं. तीही रडत होती.

"घ्या हो मागची, घ्या," ती ताईच्या खांद्यावर तोंड खुपसून म्हणाली. "पण निदान ते मोठं कपाट तरी आमच्याकडे राहू दे."

"मागच्या खोलीतही एक कपाट करायचं," ताई रडत रडत म्हणाली. "त्याशिवाय मी येणार नाही."